विहिरीच्या तळाचं भोक

मुठा खोऱ्यात पाऊस असा कोसळतो की कौलं फुटतात, आणि होळी झाली की बायका हंडे घेऊन रानोमाळ हिंडतात. याचा दोष आपण देवावर टाकून मोकळे होतो. हैबतरावही टाकत.

हैबतराव आणि त्यांची विधवा वहिनी साळूबाई यांची विहीर सामाईक होती. एक दिवस त्यांचा, एक दिवस तिचा, अशी पाळी हैबतरावांच्या बापाने मरण्याआधी लावून दिलेली. साळूबाईच्या लसूणघासाच्या वाफ्यावर एक म्हैस जगायची आणि म्हशीवर साळूबाई.

पुण्याच्या बाजूला इमारती उठल्या, नळ मात्र आले नाहीत. टँकरवाले खोऱ्यात शिरले. हैबतराव आपल्या दिवशी विहीर तळापर्यंत उपसून टँकर भरू लागले. दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या मोटरीला नुसती हवा यायची.

"भावजी, माझ्या पाळीला विहिरीत काय उरतच न्हाई," ती म्हणाली.

"तुमचा दिवस तुमी घ्या की, वैनी. मी कुटं अडवलाय? बाबांनी दिवस वाटून दिलेत, पाणी न्हाई."

टँकरवाला फिदीफिदी हसला.

साळूबाई हलली नाही. "डोंगरात मुरलेला पाऊस वरीसभर पुरवून खायचा असतो. आता तर त्यो झिमझिमतबी न्हाई, चार दिसांत ओततो आन् वाहून जातो. मुरायचं कमी, उपसायचं जास्त, मग ऱ्हाईल काय? इमारतवाल्यांना पाणी स्वस्त पडतंय, कारण माझ्या म्हशीची तहान त्या भावात कुणी धरलीच न्हाई."

"मग म्हैस इका," हैबतराव म्हणाले.

तिने विकली. बाजाराला नेताना म्हशीने सवयीने हौदात तोंड घातलं. हौद कोरडा होता. ती टँकरच्या गळक्या पाइपाकडे वळली, तसा टँकरवाल्याने तिच्या तोंडावर काठी मारली. हैबतराव बघत उभे होते.

तरीही टँकर पुरे भरेनात. "मालक, विहिरीच्या तळालाच बोअर मारा," टँकरवाल्याने सुचवलं.

साळूबाई काठावर आडवी उभी राहिली. "भावजी, त्या कातळावरच पाणी थांबलंय. त्याला भोक पाडू नका."

"बाजूला व्हा वैनी, न्हाईतर यंत्राखाली जाल."

यंत्र कातळाच्या आरपार गेलं. खालून पाणी उसळेल म्हणून हैबतराव वाकून पाहत होते. तळात होतं नव्हतं ते पाणी गरगर फिरलं आणि भोकातून खाली निघून गेलं!

टँकरवाल्याने पाइप गुंडाळला. "चला बाबा, येतो. पल्याडच्या वाडीत लागलंय पाणी." मालकाचा बाबा व्हायला एवढाच वेळ लागला.

साळूबाई पिरंगुटला लेकीच्या खोलीवर गेली. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली आणि दिवाळीला कोरडी पडली. हैबतरावांचं भात निघालं, पण नंतर पेरलेला हरभरा उभा जळाला. बायको कळशी घेऊन दारोदार फिरू लागली. तिला कुणी नाही म्हणत नव्हतं, फक्त आधी हसून घेत होते.

शेवटी हैबतराव पिरंगुटला गेले. साळूबाई टँकरच्या रांगेत उभी होती.

"वैनी, चुकलो. परत चला. भोक बुजवतो. टँकर बंद."

"बुजवा. पन मी येत न्हाई. म्हैस न्हाई, घास न्हाई. आता कशासाठी पाळी धरू?"

तिचा हंडा भरला. खोलीवर नेऊन तिने दिराच्या हातात तांब्या दिला. "प्या. हेबी कुणाच्या तरी विहिरीतलंच हाय."

हैबतरावांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

गावी येऊन त्यांनी भोकात सिमेंट ओतलं. ग्रामसभेत हात जोडून सगळं सांगितलं. विहीर आता थोडं पाणी धरते, पूर्वीएवढं नाही. कातळ पुन्हा सांधत नाही.

बंधूंनो, बहिणींनो, जमिनीचा सातबारा आपल्या नावावर असेल, पण तिच्या पोटातलं पाणी सगळ्यांचं आणि उद्याचंही असतं. ते विकणारा शेजाऱ्याची तहान विकतो, आणि मग स्वतःचीही.

हैबतराव एक दिवसाआड मोटर बंद ठेवतात. तो साळूबाईचा दिवस. ती अजून आलेली नाही.