मंगळवारचा बिघाड

कंपनीने निकेशला आठवड्याची सुट्टी मंगळवारची दिली आणि त्या दिवसापासून जगातली सगळी माणसं रविवारात राहायला गेली.

तसा तो पेणकडचा, खाडीकाठच्या गावातला. रोह्याला केमिकल कंपनीत लागला, कंपनीची बस थांबते तिथेच खोली घेतली. कामावर बसने जायचा, त्यामुळे बाईक आठवडाभर खोलीबाहेर उभी. पहिल्या मंगळवारी त्याने बाईक काढली आणि घर गाठलं, तर घराला कुलूप. आई ठमाबाई आणि वडील दत्तात्रेय दोघंही हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात. वडील साच्यावर, आई रंगावर. निकेश ओट्यावर बसला, कुत्र्याला बिस्किटं घातली. बिस्किटं संपल्यावर कुत्र्यालाही कुठेतरी जायचं होतं. रात्री फोनवर आई म्हणाली, "अरे, रविवारी येत जा ना बाबा." जसा काही रविवार बाजारात मिळतो आणि निकेशच घासाघीस करत बसलाय.

खोलीतही मंगळवार धड नव्हता. त्या भागात दुरुस्तीसाठी मंगळवारी सकाळी नऊला लाईट जायची ती चारला यायची. तोवर पंखासुद्धा त्याच्याशी बोलत नसे.

अशाच एका मंगळवारी क्लचची वायर तुटली आणि निकेश बाईक ढकलत जनूशेठच्या गॅरेजवर पोचला. लाईट नसल्यामुळे हवेचं मशीन बंद, वेल्डिंग बंद, गिऱ्हाईक बंद. अडीनडीचा एक हातपंप भिंतीला टांगलेला. साठीकडे झुकलेला जनूशेठ बाकड्यावर बसून रस्ता बघत होता.

"कुठला रे तू?"

"पेणचा."

"मग तुझ्याकडं काम सांभाळून दिलं पायजे. पेणच्या माणसाला गणपतीचे डोळे आखायची सवय, बारीक चूक दिसते."

तेवढंच बोलणं. पण निकेशने हिशोब केला तर आठ दिवसांत, 'पुढे सरका' आणि 'मास्क वर घ्या' सोडून, त्याच्याशी कोणी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. वायर वीस मिनिटांत बसली. निकेश चारपर्यंत बसला.

जनूशेठची एक रीत होती. नट आवळून झाला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका मोडलेला दिसला तर नंतर कोणीतरी हात लावला, हे कळतं. बाटली बायकोची. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मागे बाटल्या राहिल्या. त्यातली ही शेवटची, तीही तळाला आलेली.

"आता इंजिनाच्याच नटाला लावतो," तो म्हणाला. "बाकीच्यांनी आपली अब्रू आपण सांभाळावी."

पुढच्या मंगळवारी निकेश प्लग साफ करायला गेला. जनूशेठ चांगला माणूस, म्हणून त्याने घात केला. म्हणाला, "इतक्याशा कामाला मेकॅनिक कशाला? बस इथं, शिकून घे." आणि प्लग, चेन, हवा, व्हॉल्व्हची पिन, सगळं शिकवून मोकळा झाला. "आता तुला माझी गरज नाय," असं वर कौतुकाने म्हणाला.

निकेशला मात्र प्रश्न पडला. गाडी घरीच दुरुस्त होणार असेल तर मंगळवारचं काय करायचं?

लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून गाडी घरच्या घरी दुरुस्त करतात. निकेश तेच व्हिडिओ शेवटाकडून सुरुवातीकडे बघायला लागला. सोमवारी ड्युटीवरून आला की पाना घेऊन बसायचा. ब्रेकला हात लावायचा नाही, एवढी अक्कल त्याने राखून ठेवली होती. बाकी त्याचा हात चांगला बसत गेला. चेन ढिली, आरसा लुळा, सायलेन्सर खडखडता. एका सोमवारी तर इंडिकेटर असा बिघडवला की डावीकडचं बटण दाबलं की हॉर्न वाजायचा. तो त्याने स्वतःच चार वेळा वाजवून बघितला आणि कोणाला दाखवावा म्हणून आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या दाराला कुलूप होतं.

तिसऱ्या आठवड्यात जनूशेठ सायलेन्सरच्या नटाजवळ उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"पेणकर, ही आपोआप नाय बिघडत. कोणीतरी बिघडवतंय."

"नाय हो!"

"व्हय. पाना घसरलाय त्याचे ओरखडे बघ. उलट्या बाजूला हायेत. मारणारा डावखुरा हाय."

निकेशने चहाचा ग्लास डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. निम्मा चहा मांडीवर गेला.

घरी येऊन त्याने विचार केला: ओरखडे झाकले पाहिजेत. मागे आईने सायकलच्या घंटीला लावायला दिलेली रुपेरी रंगाची डबी होती, गणपतीच्या उंदराच्या घुंगरांना लावतात तो रंग. त्याने ओरखड्यांवर इतक्या निगुतीने हात फिरवला की नट पूजेला ठेवावा असा दिसायला लागला. सवय वाईट. मग कडेने एक बारीक रेषही आखली.

मंगळवारी जनूशेठने नट बघितला. नखाने खरवडला. वास घेतला.

"शत्रूचा आणखी तपास लागला," तो म्हणाला. "डावखुरा हाय, आणि पेणचा हाय."

"हं."

"तुझ्या ओळखीत हाय का रे असा कोण?"

"आठवून सांगतो."

"आठव. घाई नाय."

त्या दिवशी जनूशेठने सगळी बाईक तपासली. निकेशला शेजारच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं. निकेश निघताना सीटवर थाप मारून म्हणाला, "झालं. आता काय बिघडणार नाय ही."

निकेशने वाटेत या वाक्याचे तीन अर्थ लावून बघितले. तिन्हींचा मतलब एकच निघाला: पुरे झालं, आता येऊ नको.

पुढच्या सोमवारी त्याने पाना पेटीत टाकला आणि पेटी कॉटखाली सारली. मंगळवारी आंघोळ केली, कपडे वाळत घातले, नऊ वाजता पंखा थांबताना बघितला. साडेनऊला कपडे वाळले का बघितले. दहाला ठरवलं, पेणला जाऊ. कुलूप तर कुलूप. कुत्रं ओळख देतं.

बाहेर आला तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं.

खिळा नाही, काच नाही. शिकवलं होतं तसं व्हॉल्व्हचं टोपण काढलं, पिनेवर थुंकी लावली. बारीक बुडबुडा आला. पिन दोन आटे ढिली होती, आठ दिवसांत सावकाश हवा जाईल इतकीच. त्याने देवाशप्पथ हात लावला नव्हता. पिन आवळायची, समोरच्या घरातून सायकलचा पंप आणायचा, की पाच मिनिटांत हवा भरून तो पेणच्या रस्त्याला.

पिन आवळण्यासाठी तो वाकला, तेव्हा हातातलं टोपण उलटलं. दुसऱ्या बाजूला लाल ठिपका होता. ताजा, जाड, अजिबात काटकसर न केलेला.

निकेश त्या ठिपक्याकडे बघत उभा राहिला. मग टोपण खिशात टाकलं, पिन होती तशीच ठेवली आणि बाईक ढकलायला लागला.

वाटेत पंक्चरवाला ओरडला, "ओ भाऊ, इकडं घ्या, हातपंपानं मारून देतो!"

"नको. माझा मेकॅनिक हाय."

"हवेला पण?"

"हवेलाच."

ऊन चांगलंच तापलं होतं. गॅरेजवर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. जनूशेठ बाकड्यावर बसून रस्ता बघत होता, नेमका याच बाजूचा.

"काय रे पेणकर, परत शत्रू?"

"व्हय. पण हा दुसरा हाय."

"कशावरून?"

"हा उजव्या हाताचा वाटतो. आणि रोह्याचा."

जनूशेठने चाकाकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे कुठेतरी. "रोह्यात तसली माणसं हायेत," तो म्हणाला, आणि बाकड्यावरचा जुना टायर उचलून खाली ठेवला. निकेश त्या जागेवर बसला.

"लाईट आली की मशीननं हवा मारू," जनूशेठ म्हणाला.

"चारला येते."

"मग चारला."

हातपंप समोर भिंतीला टांगलेला होता. दोघांनाही तो दिसत होता.