काळे तेवढे गेले

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको. आणि गेल्या ऑक्टोबरपासून जो राग आलाय, तो माझ्याच हनुवटीवरून आलाय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी गणपत. गाव गुहागरकडचं, वय चौपन्न. बहरीनला सतरा वर्षं झाली, पाइप फिटर आहे. आमच्या प्लांटवर कधीही विषारी गॅस सुटू शकतो, म्हणून तोंडावर रबराचा मास्क चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मास्क चामडीला घट्ट बसायला हवा, मध्ये दाढीचा एक खुंटसुद्धा चालत नाही. म्हणजे रोज ब्लेड. माझी दाढी मात्र अशी नतद्रष्ट की ब्लेड फिरलं की केस बाहेर यायचा सोडून वळून चामडीतच घुसतो. मग फोड, मग पू, आणि त्यावर दिवसभर रबर घासतंय. बरं, मलम लावलं तर मास्क सरकतो. नाही लावलं तर मी रात्रभर कूस बदलतो.

ऑक्टोबरात मास्कच्या टेस्टला मी नापास झालो. मास्क चढवतात, त्याला नळी जोडतात आणि हवा गळते की नाही ते मशीन सांगतं. माझ्या हनुवटीवरच्या फोडांमुळे गळत होती. सेफ्टी ऑफिसर ओवैस, लाहोरचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. म्हणाला, "चाचा, मार्च तक टाइम देता हूँ. चमड़ी ठीक करो. तब तक बाहर का काम." मार्चमध्ये पास झालो नाही तर जूनमध्ये माझा व्हिसा रिन्यू होणार नाही, हे त्याने बोलून दाखवलं नाही. सतरा वर्षांत एवढं कळतं.

कंपनीच्या डॉक्टरने दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे तो कागद लिहून देणार, ह्या माणसाला मास्क सोसत नाही, ह्याला दुसरं काम द्या. दुसरा रस्ता लेझरचा. कागद नको म्हटलं. कागद म्हणजे कपाळावर खराब मालाचा शिक्का, असं माझं मत.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी दहा वर्षं कुणाला सांगितली नाही. मी रंग लावतो. डोक्याला, मिशांना, आणि फोड बरे व्हावेत म्हणून सुट्टीत चार दिवस दाढी ठेवली की दाढीलाही. वय काय, ते पासपोर्टवर असतं, पण पासपोर्ट एचआर बघतं आणि तोंड फोरमन बघतो. कुणाला आत न्यायचं, कुणाला घरी पाठवायचं हे फोरमन ठरवतो. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी हमद टाउनच्या आमच्या खोलीत बाथरूमची कडी लावून मी काळा होतो. खोलीतला पार्टनर सागर, ईसा टाउनच्या शाळेची बस चालवतो, त्याला माहीत आहे, कारण बाथरूम एकच. बायकोला माहीत नाही, असा माझा समज आहे.

सागरनेच ते क्लिनिक शोधलं. सनाबिसला, काचेचं, आत सगळीकडे गुळगुळीत गालांच्या बायांचे फोटो. रविवारी दुपारी पुरुषांची वेळ. तिथला सल्लागार सुयश, पुण्याचा, गळ्यात टाय. मराठी ऐकून जीव भांड्यात पडला.

"काका, टेन्शनच घेऊ नका. सहा सेशन, खलास! आयुष्यात परत ब्लेड हातात धरायला लागणार नाही."

"मार्चपर्यंत होईल?"

"मार्चपर्यंत तुमची हनुवटी बाळासारखी. हंड्रेड परसेंट."

बाळासारखी! चौपन्न वर्षांच्या फिटरला हा सांगतो बाळासारखी, आणि मी ते गिळलं. कारण मला ते गिळायचं होतं.

मशीन चालवायला दीप्ती नावाची मुलगी होती, चिपळूणची. तिने माझ्या तोंडावर भिंगाचा दिवा धरला आणि हनुवटीवरून बोट फिरवलं.

"काका, दाढीला रंग लावता का?"

"नाय."

"हनुवटीवर मला पांढरे वाटतायत."

"आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत."

"हे बघा काका, लेझर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतो. पांढऱ्याच्या मुळात रंगच नसतो. वरून कितीही काळा केलात तरी मशीनला तो दिसत नाही, मग तो जाणार कसा? आणि काळे आहेत तेसुद्धा सगळे जात नाहीत. कमी होतात, बारीक होतात. वर्षा-दोन वर्षांनी थोडे परत येतात. खरं काय ते सांगा, म्हणजे मी पण तुम्हाला खरं सांगते."

"सांगितलं ना, नाय लावत!"

"मग आठवडाभर दाढी वाढवून या. जशी येईल तशी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मुलीच्या वयाची पोर मला खोटारडा ठरवते! खरं तेच बोलत होती, म्हणून जास्त झोंबलं. टेबलावरून उठलो आणि तडक सुयशकडे जाऊन तिची तक्रार केली. तो हसला. "मी समजावतो तिला, काका. तुम्ही फक्त फॉर्मवर सही करा." फॉर्मवर केसांना रंग लावता का, असा एक प्रश्न होताच. मी 'नाही'वर खूण केली आणि आठवडा वगैरे न वाढवता त्याच दिवशी लेझर करून घेतलं.

मोहरी तडतडावी तसं लागतं ते. महिन्याला एक, अशी पाच सेशन झाली. तिसऱ्यानंतर गाल खरंच साफ झाले. गळ्यावरचे फोड सुकले. हनुवटी मात्र होती तशीच. मी विचारलं की सुयश म्हणायचा, "नेक्स्ट टाइम फरक दिसेल." दीप्ती काहीच म्हणायची नाही. मीच तिला बोलू देत नव्हतो, डोळे मिटून पडायचो. ओवैस भेटला की मी ऐटीत गाल दाखवायचो. "लेज़र चल रहा है, इंशाल्ला सब साफ."

जानेवारीत खोकल्याने आठ दिवस अंथरुणात होतो, रंग लावायचा राहिला. उठून आरशात बघितलं तर गाल मोकळे आणि हनुवटीवर, बरोबर मास्कचं रबर बसतं तिथं, पांढराशुभ्र पट्टा. काळे तेवढे गेले होते. पांढरे जागचे हलले नव्हते, आणि एकेक आपला आत वळून फोड करत होता. मी काय केलं असेल? गुरुवारपर्यंतही थांबलो नाही. त्याच संध्याकाळी रंग कालवला.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी टेस्ट झाली. ओवैसने मास्क चढवला, पट्टे आवळले, नळी जोडली. मशीनने नापास केलं. पट्टे सैल करून परत आवळले, परत नापास. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे न बघताच नळी काढली.

संध्याकाळी सागरला बस सरळ सनाबिसला घ्यायला लावली. पुरुषांचा वार नव्हता. बाहेर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, बघू देत. सुयशच्या टेबलावर हात आपटून म्हटलं, "कुठाय बाळाची हनुवटी?"

त्याने शांतपणे माझी फाइल काढली. "काका, रिझल्ट प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि हे बघा, रंग लावता का? नाही. तुमची सही. खोटी माहिती तुम्ही दिलीत, त्याला क्लिनिक काय करणार?" मग आवाज खाली आणला. "पण ऑपरेटरच्या लक्षात यायला हवं होतं, हे मला मान्य आहे. तुम्ही आधीही तिची तक्रार केली होती. आता लेखी द्या. तेवढ्यावर मी तुम्हाला आणखी सहा सेशन फ्री देतो."

दीप्ती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सर, पहिल्या दिवसाचं पान उलटा," ती म्हणाली.

सुयशने पान उलटलं नाही. मी फाइल ओढून घेतली. माझं इंग्रजी पाइपांवरच्या पाट्या वाचण्यापुरतं, पण हे अक्षर सुटं होतं. हनुवटी बहुतेक पांढरी आहे. उपयोग होण्याची शक्यता नाही. रंग लावत नाही असं रुग्ण म्हणतो. हनुवटीवर उपचार करू नयेत. खाली तिची सही, आणि तिच्या सहीच्या खाली सुयशची. तारीख ऑक्टोबरची.

तेव्हा मी जो ओरडलो, तो आवाज बहुधा रस्त्यापलीकडे गेला असेल.

"हो, लावतो रंग! दहा वर्षं लावतो! हिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. तो गुन्हा माझा, त्याची थोबाडीत मी खाईन. पण तुला तर माहीत होतं! ह्याच्याखाली सही केलीस आणि पाच महिने मला नेक्स्ट टाइम, नेक्स्ट टाइम करत खेळवलंस. आणि आता हिच्या पोटावर पाय द्यायला माझा हात वापरतोस? कागद दे. लेखी देतो. तुझ्या नावाने देतो!"

दिलंही. मराठीत दिलं, टाय सैल करून त्याने समोर बसून वाचलं.

दीप्ती जिन्यापर्यंत आली. मी म्हटलं, "आता पांढऱ्यांचं काय ते सांग. खरं सांग."

"सुईने जातात, काका. विजेची सुई असते, एकेका केसाच्या मुळाशी घालायची. तुमच्या हनुवटीला वर्ष तरी लागेल, कदाचित दीड. सगळे जातीलच असं मी म्हणणार नाही."

सवयीने तिच्यावरही ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. वर्ष कुठून आणू? माझ्याकडे तीन महिने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जाऊन तो कागद लिहून घेतला. दाढी केली नव्हती, रंगही लावला नव्हता. प्लांटच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने आयडी कार्डावरचा फोटो दोनदा बघितला. ओवैसच्या केबिनमध्ये गेलो आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "मास्क का काम नहीं होगा मेरे से. दूसरा कुछ भी दे दो."

त्याने कागद वाचला, माझ्या हनुवटीकडे बघितलं.

"चाचा, ये काग़ज़ अक्टूबर में क्यों नहीं लाए?"

"लेज़र चल रहा था ना."

"वर्कशॉप में वॉल्व की बेंच खाली थी. मास्क-वास्क कुछ नहीं, बैठ के काम. मैंने तुम्हारा नाम दिया था. फ़रवरी तक रोक के रखी." त्याने कागदाची घडी घातली. "हर बार पूछता था तुमसे. तुम गाल दिखाते थे, बोलते थे सब साफ़ हो जाएगा. तो मैंने दूसरे को दे दी."

बेंच कुणाला दिली ते मी विचारलं नाही. ओवैसने खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो. पाच महिने ज्याच्या-त्याच्यावर ओरडत आलो होतो, आणि आत्ता छाती फुटेस्तोवर ओरडायचं होतं, पण ओरडावं असं त्या केबिनमध्ये माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.