तिसरं पेडल

बाबांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते आणि त्यांचा फोन आई अजूनही रोज सकाळी चार्जिंगला लावत होती. शनिवारी दुपारी तो वाजला. मेघानं उचलला.

"काका, अश्वजित बोलून राह्यलो, हिंगणघाटहून. कॉम्प्युटरवाला. तुमच्या लिस्टमध्ये लोचा आहे वो एक. प्रोसेसर नव्या सॉकेटचा लिहिला तुम्ही अन् बोर्ड जुना. त्याच्यात बसतच नाई थो. काय बदलवू, बोर्ड का प्रोसेसर? तुम्ही सांगतल्याशिवाय मी माल मागवत नाई."

मेघानं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडचा माणूस हसला. "झोपले का काय काका?"

"मी त्यांची मुलगी बोलते. बाबा वारले. मागच्या महिन्यात."

"मले माहीतच नाई वो ताई," तो म्हणाला. "राहू द्या मंग. ॲडव्हान्स परत करतो. कवाही या."

गोष्ट इथंच मिटली असती. पण मेघाच्या तोंडून निघून गेलं, "उद्या येते. काय बदलायचं ते सांगते."

मेघाच्या बापानं, मोतीलालनं, एकतीस वर्षं नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. मग साखरेच्या आजारानं पाय धरला आणि चार वर्षांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शिबिरात मिळालेला रबरी पाय त्यानं दोन दिवस लावला आणि दाराआड उभा करून ठेवला. घर जाम गावच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. पडवीतल्या बाजेवर बसून तो चौकात हळू होणाऱ्या गाड्या ऐकायचा. "हा पोट्टा नवा आहे," म्हणायचा, "मालकाचा क्लच जाळून राह्यला."

गेल्या हिवाळ्यात त्याला कळलं की कॉम्प्युटरवर एक खेळ असतो, त्यात अख्खा ट्रक चालवता येतो. दोन महिने तो फोनवर माहिती बघत होता. कोणता बोर्ड, कोणतं ग्राफिक्स कार्ड, किती रॅम. सगळं वहीच्या एका पानावर उतरवून त्यानं पानाचा फोटो मेघाला पाठवला. ती सेवाग्रामला वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात होती, कॉम्प्युटर तिच्या हाताखालचे. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, 'बाई, हे सामान एकमेकाले जमते का पाहून सांगजो.'

मेघानं त्यावर अंगठा टाकला आणि कामाला लागली. फोटो उघडला नाही.

तो तिनं रविवारी हिंगणघाटच्या बसमध्ये पहिल्यांदा उघडला. अश्वजितला जी चूक सापडली, ती तिला दहा मिनिटांत सापडली असती.

अश्वजित तिशीतला होता. दुकानात त्यानं तिला खुर्ची दिली आणि बाबांचं पान काउंटरवर पसरलं.

"पाहा ताई. नवा प्रोसेसर ठेवाचा तर बोर्डही नवा लागते, अन् नव्या बोर्डाले जुनी रॅम चालत नाई. म्हणजे तीन गोष्टी महाग. काकाचं बजेट तर ठरलेलं. मंग हे कापा लागंन." त्यानं पानावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'स्टिअरिंग, तीन पेडलवालं.' "दोन पेडलवालं स्वस्त पडते. ॲक्सिलेटर अन् ब्रेक, झालं, क्लच नाई. काकाले तसाही डावा..." तो अडखळला. "तीन पेडल त्यायनं चुकून लिहिलं असंन, असंच वाटलं मले."

"विचारलं नाही तुम्ही?"

अश्वजितनं दुकानाच्या दाराकडे बघितलं. कोणी येत नव्हतं.

"विचारलं ना. तुम्हाले सांगू का नको, समजून नाई राह्यलं. एका गिऱ्हाईकाचा तीन पेडलवाला सेट आलता. तो खाली ठेवला. काका याच खुर्चीवर बसले, तुम्ही बसल्या तिथं. कुबडी काउंटरले टेकवली, पँटीची घडी क्लचाच्या वर आणली अन् म्हणे, 'पाह्य, दाबला.' पेडल जागच्या जागी. मी म्हटलं, काका, नाई दाबला. तर म्हणे, 'दाबला बे. लय नरम आहे. स्प्रिंग कडक करता येते का?'"

"मग?"

"मंग काय. मी म्हटलं, येते." त्यानं मान खाली घातली. "येत नाई खरं म्हणजे."

मेघानं नकळत आपले पाय खुर्चीखाली घेतले.

"आईला विचारून सांगते," ती म्हणाली.

घरी आई, धुरपताबाई, पडवीत कोथिंबिरीच्या जुड्या निवडत बसली होती. मेघानं दुकानातलं सगळं सांगितलं. धुरपताबाईंच्या हातातली काडी थांबलीसुद्धा नाही.

"मंग दाबलाच असंन त्यायनं."

"आई, पाय कुठं होता?"

"तुले दिसत नव्हता. आठवड्याले एक दिवस येतं तू, तुले काय काय दिसंन?" आईनं सडकं पान बाजूला टाकलं. "दुपारी हे निजत ना, तवा मी इथं बसो. चौकात गाडी आली का त्यायची डावी मांडी उचले. गाडी पुढं गेली का खाली. झोपेत हो. चार वर्सं पाह्यलं म्या. पहिलेपहिले भेव वाटे, मंग सवय झाली."

तिनं पुढची जुडी सोडली.

"अजूनही होते."

"काय होते?"

"बाज हालते."

मेघा आईकडे बघत राहिली. बाज मेघाच्या पाठीमागं होती, भिंतीला लागून, वर बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांना अंथरलेली सतरंजी घडी करून ठेवलेली. चौकात एक गाडी हळू झाली. गिअर उतरल्याचा घरघराट आला. मागं बाजेचं सुंभ करकरलं, एकदाच. मेघा चिक्कार वाचन असलेली बाई होती. दुःखात माणसाचे कान कसे फसतात, हे तिनं पुस्तकांतून वाचलं होतं आणि तिला ते पटतही होतं. तरी तिनं वळून पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर तिनं अश्वजितला फोन लावला.

"बोर्ड त्यांनी लिहिलाय तोच राहू द्या. प्रोसेसर त्याला बसेल असा जुना घ्या. आणि तीन पेडल."

"ताई, गेम अडकंन. शहरात गाडी शिरली का चित्र थांबत थांबत चालंन."

"चालू दे."

"पण चालवणार कोण वो?"

"तुम्ही जोडून आणा," मेघा म्हणाली.

पुढच्या रविवारी तो स्वतःच गाडीवर सगळं बांधून घेऊन आला. बाजेसमोर टेबल लावलं, टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली पेडलं ठेवली. एखादा बोर्डबिर्ड जळाला तर आपल्या माथी यायचं म्हणून आधी घरातलं अर्थिंग तपासलं. आईनं त्याला चहा दिला. त्यानं तो उभ्यानंच प्यायला. काकांच्या बाजेवर बसायला तो तयार नव्हता.

स्क्रीनवर परदेशातल्या कुठल्याशा आवारात एक पांढरा ट्रक उभा राहिला. कॉम्प्युटर विचारत होता, गिअर आपोआप पडू द्यायचे की क्लचनं. अश्वजितचा हात आपोआपवाल्या पर्यायाकडे गेला.

"क्लचवाला," मेघा म्हणाली.

ती बाजेच्या कडेला बसली. उजवा पाय ब्रेकवर ठेवला. इंजिन सुरू झालं आणि स्पीकरमधून त्याची धडधड पडवीभर पसरली. आई दारात उभी होती, पदर हातात धरून.

"आता क्लच दाबा," अश्वजित म्हणाला, "म्हणजे पहिला पडंन."

मेघानं डावा पाय उचलला.

"मेघे, थांब," आई म्हणाली. "अशी मधात नोको बसू. सरक तिकडे."

मेघा उजवीकडे सरकली. डाव्या अंगाला हातभर जागा झाली.

"अजून थोडी. त्यायले बसू दे."

अश्वजितनं आधी आईकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या जागेकडे. माऊसवरचा हात काढून घेतला.

मेघा आणखी वीतभर सरकली. उजवा पाय कसाबसा ब्रेकवर पुरत होता. डावा तिनं बाजेखाली ओढून घेतला, टाच जमिनीला टेकवली.

"ताई, क्लच दाबल्याशिवाय..." अश्वजित बोलता बोलता थांबला.

"बाबा, जमतं का बघा," मेघा हळूच म्हणाली, आणि तिनं स्टिअरिंगमागची गिअरची पट्टी ओढली.