चार वाजताची नुपूर

दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईने आवाज खाली ठेवावा, हे ठीकच. पण अलीजा घरीही तशीच बोलायची, विझवलेल्या निखाऱ्यासारखी. नवरा थट्टेने म्हणायचा, "घरात कोण निजलाय काय गो?" पोरगी जिक्रा तर सरळ इंग्रजीत विचारायची, मम्मी, तुझा व्हॉल्यूम बिघडलाय का? अलीजा हसून वेळ मारून न्यायची. आपण आवाज का कोंडून ठेवलाय, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तो मोकळा सोडला तर कुणीतरी ओळखेल आणि ओळखून भलत्याच नावाने हाक मारेल, ही भीती दहाव्या वर्षापासून तिच्या पोटात बसली होती.

ते नाव नुपूर. आणि नुपूर जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

मंगळवारी दुपारी दवाखान्यात मुनाफ आला. मूळचा श्रीवर्धनचा, वाढला इथे दोह्यात, एका स्टुडिओत साऊंडचं काम करणारा. दात त्याचे ठणठणीत. दुखणं निराळंच होतं. लहानपणी दुपारी चारला टीव्हीवर अरबीत लागायच्या त्या जपानी कार्टून मालिका, त्यांची शीर्षकगीतं कुणी गायली, ते शोधत तो दहा वर्षं हिंडत होता.

"आपा, जपानात बघा," काउंटरवर कोपर टेकून तो म्हणाला, "नव्वद सेकंदांचं गाणं गायलेली बाई म्हातारी झाली तरी लोक तिला डोक्यावर घेतात. नि आपल्याकडे? शेवटी पाटी काय, तर 'मुलांचा कोरस'. खलास! पोरांना काय नावं नव्हती?"

"तुला नंबर हवाय का दाताचा? नाय तर मागची माणसं माझे पाडतील."

"एकच सांगा नि सुटा. ती दीपगृह शोधणाऱ्या पोरीची मालिका. गाण्याच्या मध्ये एकट्या मुलीची ओळ येते ना, ती. तुमच्या जुन्या शेजारचा धवल म्हणतो, ती माझ्या बहिणीने गायली, नुपूरने. स्टुडिओच्या जुन्या कागदावर नुसतं 'हिंदी मुलगी' एवढंच हाय. तुमी पण होता त्या कोरसात. तीच ना?"

अलीजाने कॉम्प्युटरवरची नजर उचलली नाही. "तीच," ती म्हणाली.

खोटं. ती ओळ अलीजाने गायली होती.

मुनाफ खुशीत आला. "शुक्रन, आपा! शुक्रवारी सकाळी धवलच्या वडिलांकडे, गोविंदरावांकडे या मग. जुन्या टेपवरनं मी तिचा आवाज वाद्यांतनं सुटा काढलाय. म्हाताऱ्याला ऐकवूया. गाणाऱ्यांची नावानिशी यादी केलीय मी, त्यांच्या सत्काराचा कार्यक्रम पण ठेवलाय."

आता हे खोटं सुरू झालं कसं, ते मागे जाऊन बघायला हवं. एकोणनव्वद साल. दोह्याच्या मन्सूरा भागातल्या एका जुन्या इमारतीत समोरासमोर दोन दारं. एकात अलीजाचे अब्बा, अब्बास, गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा करणारे रत्नागिरीकर. दुसऱ्यात नाशिकचे गोविंदराव, बांधकाम कंपनीत कारकून. पण शुक्रवारी संध्याकाळी हाच कारकून अंगरखा चढवून, खांद्यावर उपरणं टाकून दिवाणखान्यात कीर्तनाला उभा राहायचा. सोफे भिंतीला लागायचे, सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं बसायची, आणि बुवांच्या मागे झांजा घेऊन दोन झीलकरी पोरी: नुपूर आणि अलीजा. बुवांनी धृपद सोडलं की ते मागच्या मागे उचलायचं, हे झीलकऱ्याचं काम. अब्बासना कुणी विचारलं, मियाँ, तुमची पोरगी तिथं कशी, तर ते म्हणायचे, "गोष्ट ऐकायला जाते. पोट भरून येते. तुमचा काय जातो?"

गोविंदरावांचा एकच कडक नेम होता. "बुवा खोकेल, बुवा चुकेल, बुवाला भोवळ येईल. पण धृपद खाली पडू द्यायचं नाही. ज्याच्या तोंडात असेल त्याने उचलायचं. ते काही कुणाच्या मालकीचं नसतं."

त्या वर्षी शाळेतून आठ मुलं एका छोट्या स्टुडिओत गेली, कार्टूनचं गाणं म्हणायला. एकटीची ओळ नुपूरची होती. अरबी शब्द गोविंदरावांनीच देवनागरीत कार्डावर लिहून दिले होते, आणि महिनाभर घोटून घेतले होते. शेजारी बसून अलीजालाही ते पाठ झाले, तीच हरकत, तेच थांबणं.

रेकॉर्डिंगनंतर अकराव्या दिवशी नुपूर मेंदूज्वराने गेली. शवपेटी विमानाने नाशिकला गेली. अलीजाला कुणी काही दाखवलंही नाही. नि महिन्याभराने दुपारी चार वाजता समोरच्या दारातून गाणं ऐकू आलं. नुपूरची आई, मृणालिनीकाकू, कणकेच्या हातांनी टीव्हीपाशी धावल्या होत्या. अलीजा दारात दिसताच त्यांनी तिला ओढून मांडीवर घेतलं. "ऐक गं, ऐक! नुपूर गातेय माझी!"

दहा वर्षांची पोर काय बोलणार? तिच्या पाठीवर कणकेची पाच बोटं उठली, आणि समोरच्या खोक्यातून तिचाच आवाज मेलेल्या मैत्रिणीच्या नावाने गात राहिला. त्यानंतर ती कधी गायली नाही. गळ्यात सूर यायला लागला की तिला वाटायचं, हा माझा नव्हे. हा उसना दिलाय, आणि ज्यांना दिलाय ते दार लावून ऐकत बसलेत. पुढे पुढे तर तिचं तिलाच कळेना, त्या दिवशी खरंच आपण गायलो की नुपूरच.

काकू गेल्या. गोविंदराव धवलच्या व्हिसावर ओल्ड एअरपोर्ट भागात राहू लागले. इतकी वर्षं कॅसेटवर वाजणारं गाणं धवलने त्यांच्या फोनमध्ये भरून दिलं. रोज चारला ते लागायचं.

शुक्रवारी सकाळी अलीजा पोचली तेव्हा धवल शहराबाहेर रास लाफानला ड्यूटीवर होता. दार गोविंदरावांनीच उघडलं. अठ्ठ्याहत्तर वय, काठी, पण अंगात आज इस्त्रीचा अंगरखा.

"ये गं, झीलकरणी! उशीर! तुझा बाप घड्याळं विकत नव्हता म्हणून बरं."

"काका, सिग्नलला—"

"सिग्नलला दोष द्यायची पद्धत फार जुनी आहे. बस."

मुनाफने टीपॉयवर लॅपटॉप, दोन स्पीकर मांडले होते. "आपा, अर्थ ठाऊक हाय काय त्या ओळीचा?" त्याने विचारलं. तिला ठाऊक होता. मुनाफनेच सांगितलं, "ती पोरगी भरतीच्या पाण्याला म्हणते, माझी होडी हलकी हाय, हळू ने, घर माझ्या आवाजावरून मला ओळखेल."

गोविंदरावांनी हात जोडले. मुनाफने बटण दाबलं.

वाद्यं नव्हती, बाकीची मुलं नव्हती. त्या खोलीत एक दहा वर्षांची मुलगी एकटीच उभी राहून गायली. अलीजाच्या मानेवर काटा आला. आपल्यालाच कुणी मागून हाक मारावी तसं. आवाज इतका जवळचा, की पडद्यामागे बघावंसं वाटलं.

म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण चेहरा उजळला होता. "मुनाफ, तुझा तो कार्यक्रम. मी येणार. नुसता सत्कार नको मला. वीस मिनिटं दे, मी उभा राहतो. कीर्तनच करतो! पाच वर्षांत उभा राहिलेलो नाही, पण राहीन. नारदाच्या गादीवरून सांगेन लोकांना, की अंगात ताप असताना माझी मुलगी शेवटपर्यंत गायली, तिने धृपद सोडलं नाही."

अलीजाने हातातली चहाची कपबशी टीपॉयवर ठेवली.

फोनमधलं गाणं वेगळं. मुनाफच्या यादीतलं नाव वेगळं; तिथलं खोटं चालून गेलं असतं. पण नारदाची गादी! त्या जागेवर पाय ठेवताना काका पादत्राणं तर काढतच, पण 'मनातलं खोटंही उंबऱ्याबाहेर काढा' म्हणत. आयुष्यभर जो माणूस गादीवरून एक अक्षर वावगं बोलला नाही, तो आता आपल्यामुळे तिथे उभा राहून खोटं बोलणार. अजाणता बोलला म्हणून काय झालं? जाणणारी तर इथे बसलीय.

"काका," ती म्हणाली, "ते गादीवरून सांगू नका."

"का गं?"

"नुपूर नाही गायली. मी गायले."

मुनाफचा हात लॅपटॉपवरच राहिला. गोविंदराव हसले, लहान मुलाच्या थापेला हसतात तसे. "काहीतरीच तुझं."

मग तिने सगळं सांगितलं. रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागला. नुपूर माईकपुढे होती, अंगाचा नुसता तवा झालेला. तिची ओळ आली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. अलीजा पाठीमागे उभी होती, शुक्रवारी उभी राहायची तशीच, हातभर अंतरावर. "तुम्ही शिकवलंत तेच केलं मी, काका. खाली पडत होतं. उचललं. तो संगीतवाला आत काचेतून अंगठा दाखवत होता. त्याला काही कळलंच नाही. मग गाडीत नुपूर म्हणाली, अप्पांना सांगू नको हं, मी थांबले ते. मी बरी झाले की मीच सांगेन."

बाहेर कुणाच्या तरी एसीचं पाणी पत्र्यावर ठिबकत होतं.

गोविंदरावांनी काठीवरची मूठ सोडली, पुन्हा धरली. "बरं," ते म्हणाले. "मग नुपूर कुठाय?"

अलीजाची नजर लॅपटॉपकडे गेली.

"मुनाफ, अरे, ह्यात माझी नुपूर कुठाय? पस्तीस वर्षं मी रोज चार वाजता कुणाला भेटत होतो?" आवाज चढला नव्हता, तेच भयंकर होतं. "तिचा दुसरा आवाज नाही माझ्याजवळ. एकही नाही."

मुनाफने मान खाली घातली. मग त्याने पडद्यावरची रेघ मागे ओढली, ओळ सुरू होण्याच्याही अलीकडे, आणि आवाज पूर्ण वाढवला.

एक श्वास.

आत ओढलेला, घाईचा, मधेच अडखळलेला. चोंदलेल्या नाकाच्या पोरीचा. गायला निघालेला श्वास. आणि तो संपतो न संपतो तोच मागून दुसरीच मुलगी गाऊ लागली.

"मला वाटलेला, तो ह्याच आवाजाचा श्वास," मुनाफ पुटपुटला. "तेवढ्यासाठी ठेवला. नायतर कापणार होतो."

"पुन्हा," गोविंदराव म्हणाले.

श्वास.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा ऐकून ते हळूच म्हणाले, "खांदे उचलले तिने. शंभरदा सांगितलं असेल, श्वास पोटातून घे, खांदे उचलू नकोस." त्यांचा हात हवेत दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्याइतक्या उंचीवर गेला आणि तिथेच थांबला. कुणाच्या तरी खांद्यावर टेकावा तसा.

अलीजा रडत होती. तिने त्यांचे पाय धरायला हात पुढे केला, तर त्यांनी पाय आत घेतले.

"माझ्या बायकोला तू सांगायला हवं होतंस, बाई," ते म्हणाले. "ती तुझ्या आवाजाला लेक म्हणून गेली." मग काठीने दाराकडे दाखवत, "जा आता. यादीत तुझं नाव घालायला सांग त्याला. तुझं तुला घेऊन जा. माझं एवढंच आहे, ते इथे राहू दे."

मुनाफने तेवढा श्वास त्यांच्या फोनमध्ये काढून दिला. दोघं खाली आली तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं. "आपा," गाडीपाशी मुनाफ म्हणाला, "मी हा नसता उद्योग केलाच नसता तर?" अलीजाने दार उघडलं. गाडीत बसून तिने आरशात आपला गळा पाहिला, तिथे काही दिसतं का म्हणून.

घरी तिला जेवण गेलं नाही. चार वाजून गेले आणि धवलचा फोन आला.

"अलीजाताई, मी आत्ताच ड्यूटीवरून आलोय. झालंय काय आज? अप्पा दार ओढून बसलेत. गाणं लावत नाहीत. नुसता कुणाच्या तरी श्वासाचा आवाज, पुन्हा पुन्हा. मला तर भीती वाटायला लागलीय."

"फोन दाराशी ने," ती म्हणाली.

पावलं वाजली. मग फोनमधून ऐकू आलं. श्वास. थोडी शांतता. श्वास. शांतता. नुपूर गायला निघत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती, आणि तिच्या मागे कुणीच उभं नव्हतं. प्रत्येक वेळी अलीजाच्या गळ्यात काहीतरी हलायचं आणि ती ते गिळायची. एकदा, दोनदा, सातदा. काकांनी 'तुझं तुला घेऊन जा' म्हटलं होतं. घेऊन जायचं ते कुठे? आठव्यांदा तो श्वास मधे अडखळला आणि तिच्या हातून गिळणं झालंच नाही.

ती गायली. पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या आवाजात, घोगऱ्या, गंजलेल्या, पण मोकळ्या. आतल्या खोलीतून जिक्रा धावत आली आणि दारातच थबकली. "मम्मी? Who's that?"

ओळ संपली. फोनमध्ये पुढचा श्वास आला नाही. दार उघडल्याचा आवाज झाला. धवल काहीतरी बोलू लागला, पण त्याच्या हातून फोन कुणीतरी घेतला.

"पट्टी उतरवून घे," गोविंदराव म्हणाले. आवाज अजून रागीटच होता. "दहा वर्षांची नाहीस तू आता."