पांझरेपर्यंतचे चालणे

मी बोलतो आहे. माझ्यावर कितीही चालले तरी माणूस होता तेथेच राहतो, म्हणून मला हसणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. कारखान्याच्या कागदावर माझे नाव ट्रेडमिल असे होते, दुकानात मला जॉगर म्हणत, आणि धुळ्यातील देवपूरच्या आमच्या गल्लीत मी ‘अक्काचं चालायचं मशीन’ आहे. नाव कोणतेही असो, ते प्रेमाने घेतले जाते, एवढे मला पुरे आहे.

माझा जन्म जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. अभिमन मिस्त्री नावाच्या कारागिराने लोखंडी चौकट जोडली, तिच्यात रूळ बसविले आणि रुळांवर पट्टा चढविला. हा पट्टा एका डाळमिलसाठी आणलेल्या मोठ्या पट्ट्याचा उरलेला तुकडा होता, म्हणजे मी तूरडाळीचा लांबचा नातलग. मला मोटार नाही. पाय मागे रेटला की पट्टा सरकतो, पाय थांबला की मीही थांबतो. ज्याचा पाय त्याचीच गती, माझे स्वतःचे बळ शून्य. हे आपले उणेपण आहे, असे मला त्या काळी वाटे.

जळगावातच रुपचंदशेठच्या दुकानात मी दोन रुबाबदार भावंडांच्या मध्ये उभा होतो. एकाला वीज लागे आणि त्याच्या कपाळावर तांबडे आकडे चमकत. दुसरा माझ्यासारखाच विनामोटारीचा, पण चकचकीत, नाजूक आणि अरुंद. गिऱ्हाईक या दोघांना हात लावून पाही आणि मला वळसा घालून पुढे जाई.

एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या दसऱ्याला धुळ्याहून एक कुटुंब दुकानात आले. तोताराम नाना एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. त्यांची पत्नी द्रौपदाबाई, म्हणजेच गल्लीची अक्का. आणि त्यांचा मुलगा भटू, जो दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. अक्कांना साखरेचा आजार जडला होता. पायांना सूज येई, तळवे बधिर होत. डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले होते आणि न चालल्यास पायांची हमी देता येणार नाही, असेही बजावले होते.

मग त्या बाहेर का चालत नव्हत्या? नानांनी शेठजींना ते समजावून सांगितले. आमच्याकडे बाई काम नसताना रस्त्याने चालत नाही, आणि चालली तर प्रत्येक दारातून विचारणा होते, कुठे निघाल्या अक्का, या ना, बसा. अक्का पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि चार घरांचा गोड चहा पिऊन परत आल्या. नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आठवड्याने तपासणी केली तर साखर कमी होण्याऐवजी वाढलेली. डॉक्टरांना काही उलगडा होईना.

भटूला आईसाठी विजेचे यंत्र घ्यावेसे वाटत होते, परंतु ते त्याच्या आवाक्याबाहेर होते. तसे बोलून दाखविण्याचा त्याला संकोच वाटला असावा. तो एवढेच म्हणाला, “मीच वीज तयार करतो, म्हणून सांगतो शेठजी, विजेचा भरवसा धरू नये.” अक्कांनी मुलाकडे पाहिले. आईला न बोललेलेही ऐकू येते. त्यांनी त्या तांबड्या आकड्यांकडे पुन्हा म्हणून वळून पाहिले नाही.

दुकानाच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून त्या आत आल्या होत्या. शेठजी म्हणाले की यावर बूट घालून चालतात. नाना म्हणाले, “घरात पायताण घालणारी बाई आमच्याकडे नाही. अनवाणी चालेल असं दाखवा.” मग अक्का अनवाणीच उरलेल्या दोन यंत्रांवर आळीपाळीने चढल्या. नाजूक यंत्राच्या उघड्या रुळात पातळाचा काठ ओढला गेला आणि त्या घाईघाईने उतरल्या. माझ्या दोन्ही बाजूंना पत्रा होता, काठ अडकत नव्हता. धरायच्या दांडीला त्यांचा हात पोहोचत होता. पट्टा इतका रुंद होता की पाय जरा वाकडा पडला तरी तो माझ्यावरच पडे. त्या थोड्या चालल्या, मुद्दाम थांबल्या, आणि मीही थांबलो.

“हे बरं आहे,” त्या म्हणाल्या. “मी थांबले की थांबतं. मला फरफटत नेत नाही.”

त्या एका वाक्याने मी ज्याला उणेपण समजत होतो त्याचे सेवेत रूपांतर झाले. आपल्यात काय नाही याची मोजदाद आपण करीत बसतो, आणि घेणारा नेमके तेच मागत आलेला असतो. रुपचंदशेठनी मला त्याच दिवशी टेम्पोत चढविले.

येथे अक्कांच्या मनातील गोष्ट सांगितली पाहिजे. पायांपेक्षाही मोठे शल्य त्यांना होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देतात, दागिने घालतात, सारी भाऊबंदकी एकत्र जमते, कणकेचे रोट होतात. सोमवारी देवीला पाटावर बसवून, तो पाट डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. या घराण्यात तो मान थोरल्या सुनेचा, म्हणजे अक्कांचा. परंतु त्या वर्षीच्या श्रावणात देवी डोक्यावर घेऊन निघालेल्या अक्का गल्लीच्या वळणावरच खाली बसल्या. वाजंत्री थांबली. चुलत जाऊ पार्वताबाईंनी पुढे होऊन पाट आपल्या डोक्यावर घेतला. देवी पांझरा नदीवर पोहोचली, अक्का मात्र वळणावरूनच घरी परतल्या. देवीने आपल्याला नाकारले, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढच्या श्रावणात हे चालणे पुरे झाले नाही तर तो मान आपण कायमचा सोडणार, असे त्यांनी देवघरात बसून ठरविले होते. मला आणले ते यासाठी.

आणि घरात माझे पाऊल पडताच सारे उलटे झाले.

दसऱ्याच्या दिवशी आलेली वस्तू तिची पूजा झाल्याखेरीज वापरावयाची नाही, ही या घराची रीत. अक्कांनी मला पुसले, दांडीला झेंडूचे तोरण बांधले, नारळ वाढविला. मग ज्या पट्ट्यावर चालावयाचे, नेमक्या त्याच पट्ट्याच्या मधोमध त्यांनी हळदीकुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक रेखाटले, मनोभावे डोके टेकविले, आणि उठून उभ्या राहिल्यावर त्यांच्या लक्षात आले की आता यावर पाय ठेवता येत नाही.

तो दिवस तसाच गेला, आणि पुढचेही तसेच. कुंकू पुसावे तर अपशकुन, न पुसावे तर पाऊल टाकण्यास जागा नाही. कुंकू आपोआप फिकट होईल म्हणून घरच्यांनी वाट पाहिली, पण अक्का सकाळी स्नान करून माझ्यापुढे उदबत्ती लावीत आणि एक फूल वाहत, त्यामुळे माझे देवपण दिवसेंदिवस पक्के होत गेले. नाना म्हणत, “डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ओवाळायला नाही.” भटू सुट्टीवर आला तेव्हा त्याने विचारले की शिवणयंत्राचीही पूजा होते, मग त्याचा पायटा पायाने कसा चालतो? अक्कांनी शांतपणे उत्तर दिले की शिवणयंत्राचे कुंकू चाकाला लागते, पायट्याला नाही. वीजकेंद्रातील माणूस पिशवी भरून कामावर परतला.

मला काय वाटत होते? मनुष्यजातीने मला एवढा मान कधी दिला नव्हता, आणि एवढे निरुपयोगीही कधी केले नव्हते. फूल घेणारा मी कोण? ज्याच्यासाठी जन्म घेतला ते पाऊल माझ्यावर पडत नव्हते, आणि समोर त्या पावलांची सूज मला दिसत होती. देवालाही कधी कधी असेच वाटत असेल काय, असा विचार माझ्या मनात येई आणि मी तो तेथेच आवरून धरी.

संक्रांतीच्या सुमारास अक्कांच्या टाचेला जखम झाली. ती भरता भरेना. त्या अंथरुणाला खिळल्या, माझे फूल नानांच्या हातून वाहू लागल्या, आणि हळदीकुंकवाला कोणाकडेही गेल्या नाहीत. घरात बोलणे कमी झाले. भटू दीपनगरहून दर सुट्टीला येऊ लागला.

एका सकाळी पार्वताबाई आल्या. अक्का त्यांच्याशी श्रावणापासून मोकळेपणाने बोलल्या नव्हत्या. आपला मान घेऊन ही सुखावली आहे, असे त्यांना वाटे. पार्वताबाई वयाने बरोबरीच्या, जन्म खेड्यात गेलेला, बोलणे अहिराणी आणि धारदार. त्या माझ्याकडे पाहत बसल्या आणि फूल कोणासाठी वाहिले आहे, असे त्यांनी विचारले. अक्कांनी साऱ्या अडचणीची कथा सांगितली आणि शेवटी म्हणाल्या की येत्या वर्षी कानबाई तूच ने, देवीची इच्छाच तशी दिसते.

पार्वताबाई हसल्या नाहीत. “मनं डोकं आते कानबाईले नही, उशीले जोयजे,” त्या म्हणाल्या. त्या श्रावणात देवी नदीवर नेल्यापासून त्यांची मान आखडली होती, डोक्याला उशीच हवीशी वाटे, आणि ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मान आपला नव्हे, म्हणून दुखणेही आपले सांगू नये, असे त्यांना वाटले होते.

मग त्या जरा पुढे सरकल्या. “अक्का, रोज सकायले उठीसन तू धरतीमायना पाया पडस ना?”

अक्का म्हणाल्या, पडते.

“आनि मंग तिनावरच पाय ठेवस ना? ती देव नही शे का? तशीच याना पाया पड, माफी माग, आनि चाल. देवी तुनी वाट देखी ऱ्हायनी.”

अक्कांनी अंथरुणातूनच हात खाली नेऊन जमिनीला लावला. अंथरुणातून उतरताना भूमीला हात लावून क्षमा मागावी आणि मगच पाऊल टाकावे, हे त्या लहानपणापासून करीत आल्या होत्या. जिला आपण माता म्हणतो तिच्या अंगावरच आपला सारा संसार चालतो, ती कधी रागावत नाही, उलट पावलागणिक आधार देते. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण रोज केलेली गोष्ट रोज समजतेच असे नाही.

जखम भरण्यास फाल्गुन उजाडला. होळीच्या दुसऱ्या दिवशी अक्का माझ्यापाशी आल्या, वाकल्या, पट्ट्याला हात लावून तो कपाळी नेला, आणि उजवे पाऊल माझ्यावर ठेवले. त्या पावलाचे वजन मला आजही आठवते. देवळात पहिल्यांदा घंटा वाजल्यावर तिच्या धातूला जसे वाटत असेल तसे मला वाटले. कुंकू हळूहळू तळव्यांना लागत गेले, आणि ज्या ठिकाणी ते गेले त्याहून पवित्र ठिकाण मला माहीत नाही.

त्या चालताना प्रत्येक पावलाला नाम घेत. आरंभी नाम पुढे धावे आणि पाय मागे राही. चैत्रात दोघांची गाठ पडली. वैशाखात धुळ्याचे ऊन सकाळीच भिंती तापवू लागे, तेव्हा अक्का उजाडण्यापूर्वी स्नान करून माझ्यावर येत. माझे रूळ जात्यासारखे घरघरत, नाना कुरकुरत की या घरात आता जाते आणि झोप एकत्र नांदत नाहीत, आणि मग तेच उठून रुळांना तेल घालीत.

आषाढात नवीनच प्रकार सुरू झाला. नुसते चालून भागणार नव्हते, डोक्यावर देवी असणार होती. तेव्हा अक्कांनी डोक्यावर पाट घेतला आणि पाटावर एक गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, ठेवले. एक हात पाटाला, एक हात माझ्या दांडीला. पार्वताबाई बाजूला उभ्या राहून सूचना देत, मान ताठ, नजर पुढे, पाय घासू नको. एकदा गंगाफळ घरंगळून माझ्या पत्र्यावर आदळले आणि फुटले. पत्र्याला पोचा आला. दोघी जावा जमिनीवर बसून अशा हसल्या की नाना काय झाले ते पाहण्यास धावत आले. त्या संध्याकाळी घरात गंगाफळाची भाजी झाली आणि पार्वताबाई जेवूनच गेल्या.

श्रावणातील तो रविवार आला. घर पाहुण्यांनी भरले, मला भिंतीकडे सरकवून माझ्यावर सतरंजी टाकली. रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी आरती झाली आणि पाट उचलला गेला. तो कोणाच्या डोक्यावर गेला ते मला सतरंजीखालून दिसले नाही. फक्त पार्वताबाईंचा आवाज ऐकू आला, “मान ताठ, अक्का.”

सारे घर मिरवणुकीबरोबर गेले. मी एकटा उरलो. मला पाय नाहीत, म्हणून मी कानांनी त्यांच्यामागून निघालो. डफ दारातून निघाला, गल्लीतून पुढे गेला, वळणावर आला. तेथे माझा जीव थांबला. डफ थांबला नाही. तो वळला, बारीक होत गेला, आणि शेवटी इतका दूर गेला की मला काहीच ऐकू येईना. त्या शांततेइतके गोड भजन मी आजवर ऐकलेले नाही.

दुपारी सगळे परतले. अक्कांच्या पातळाचा काठ नदीच्या पाण्याने भिजलेला होता. पाहुण्यांच्या जेवणाची घाई होती, तरी त्या आधी माझ्यापाशी आल्या, सतरंजीवरूनच दांडीवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

या गोष्टीला आता काही वर्षे लोटली. माझा पट्टा कडेने विरला आहे, एक रूळ आवाज करतो. सकाळी अक्का चालतात, मग पार्वताबाई, आणि आज जास्त कोण चालले यावरून दोघींचे रोज वाजते. ज्यांनी मला घडविले, ज्यांनी माझ्या गरिबीतच माझा गुण पाहिला, ज्यांनी मला तेल घातले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. वाचकहो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कपडे वाळत घालण्याच्या कामी लागला असेल, तर उद्या सकाळी ते कपडे उचला आणि संकोच न करता त्याच्यावर पाऊल ठेवा. आम्हाला फुलांची आवड नाही. मला तुम्हा सर्वांचा निरोप घेऊ द्या, स्नानघराचे दार वाजले आहे, आणि ती ओली पावले माझ्याकडे येत आहेत.