करिष्मा सिस्टरविरुद्धचा अर्ज

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. दवाखान्याच्या नवजात कक्षात ती काचेपलीकडे आणि मी काचेअलीकडे, असे अकरा दिवस झाले होते. इतकी लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, हे मला बी.ए.ला कोणी शिकवलं नव्हतं. मंगळवारी माझी विसरली. मशीन ओरडलं, करिष्मा सिस्टर दोन ढांगांत आल्या, तळपायावर टिचकी मारली, पाठ चोळली. निळसर पडलेलं तोंड पुन्हा गुलाबी झालं. मी मोजत होते. नऊ सेकंद.

गुरुवारी सकाळी आत बारा बाळं आणि सिस्टर एकच. साडेदहाला दवाखान्याचे प्रशासक शालिग्रामसाहेब दारात आले. खालच्या मजल्यावरच्या सिझर वॉर्डची नर्स रजेवर गेली होती. तिथल्या एकोणीस बायाही करिष्मा सिस्टरांनीच बघायच्या, असा त्यांचा हुकूम.

"मी खाली असताना वर एखादं लेकरू थांबलं तर?" सिस्टरांनी विचारलं.

"मॉनिटर आहेत ना. आवाज येतो."

"आवाज येतो सर, हात येत नाही. माझ्या जागी कोणाला तरी उभं करा, मग जाते. नाहीतर लेखी आदेश द्या."

लेखी म्हटल्याबरोबर साहेब वळले ते थेट नातेवाइकांच्या बाकांकडे. "बघा, सिस्टर कामाला नाही म्हणते. तुमच्या बाया खाली तशाच पडल्यात. तक्रार द्या, आजच घरी पाठवतो हिला."

अंबूबाई काकू ताडकन उठल्या. त्यांची सून खालच्या वॉर्डात होती. "माही सून तिकडे कन्हून राह्यली, सलाईन संपून गेली, अन् हे महाराणी येत नाही म्हनते! पगार कायचा घेते मंग?"

"अर्ज कोण लिहितं?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अकरा दिवसांत तिथल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म मीच भरले होते.

आणि मी लिहायला लागले. लाज वाटते सांगायला, पण लागले. 'वरील विषयास अनुसरून' आपोआप उतरलं. 'रुग्णांना वाऱ्यावर सोडून' साहेबांनी सांगितलं, तेही उतरलं. पुढे ते म्हणाले, "लिहा, नवजात कक्षात विशेष काम नसतानाही..."

पेन थांबलं. काम नसताना?

"साहेब, हे खोटं आहे."

माझ्या नवऱ्यानं, अश्वजितनं, माझी ओढणी ओढली. "पायल, आपलं लेकरू आत हाये. याहीच्याशी वाकडं नको घेऊ."

साहेबांनी ते ऐकलं. "बरोबर बोलतात ते. इथं विश्वास नसेल तर बाळ अकोल्याला हलवा."

सव्वा किलोची पोर, शंभर किलोमीटर रस्ता! आणि मग संताप आला. या माणसाची सगळी भिस्त माझ्या भीतीवर होती.

"हलवा," मी म्हटलं. "पण का हलवता ते लिहून द्या. खाली सही करा."

मी काकूंकडे वळले. "काकू, या खाली गेल्या आणि वर एखादं लेकरू गेलं, तर साहेब म्हणतील मी कुठं पाठवलं? हुकूम तोंडी आहे. मरण सिस्टरांच्या नावावर लागेल."

"मंग माह्या सुनेले कोन पाहीन?"

"तेच लिहू ना. दुसरी नर्स मागू. यांना ओढून नेऊन काय होणार?"

काकूंनी क्षणभर काचेतून आत पाहिलं. सिस्टर एका बाळाला नळीनं दूध देत होत्या, दुसरा हात शेजारच्या बाळाच्या छातीवर. "बापा," काकू म्हणाल्या, "हिले त दोन हात पुरत नाहीत. लिही पोरी. माहा अंगठा सगळ्यात वर घे."

दुसरा कागद घेतला. प्रत्येक वॉर्डला वेगळी नर्स द्या. सिस्टरांनी बाळांच्या जिवासाठी नकार दिला, त्यावरून त्यांना काढू नका. चौदा सह्या, पाच अंगठे.

सह्या होताना पाहून साहेब निघून गेले आणि अर्ध्या तासात खाली नर्स आली. कुठून? साहेबांच्या केबिनशेजारच्या खोलीतून! तिला तिथं रजिस्टरं भरायला बसवलं होतं. म्हणजे माणूस होतं. बारा लेकरांच्या जिवापेक्षा ती रजिस्टरं मोठी होती.

तरी दोन वाजता करिष्मा सिस्टरांच्या हाती नोटीस पडलीच. कामास नकार का दिला, चोवीस तासांत खुलासा करा. तोंडी हुकूम देणाऱ्याला हे मात्र लेखी सुचलं. सिस्टर कंत्राटी, एका सहीनं घरी जाणार.

"ताई, तुम्ही यात पडू नका," त्या म्हणाल्या. "आम्हाला सवय आहे."

सवय! मी अर्जाच्या दोन प्रती घेऊन आवक-जावकच्या खिडकीशी गेले.

"ठेवून जा," कारकून म्हणाला.

"पोच द्या."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. मी उभी आहे."

अश्वजित मागून आला. मला वाटलं, परत न्यायला आला. त्यानं कागद घेतला, माझ्या सहीखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

शिक्का बसायला चार वाजले. एक प्रत मी सिस्टरांना दिली.

"खुलाशाला जोडा," म्हटलं. "आणि चौकशीला बोलावलं तर एकट्यानं जायचं नाही."