मापाच्या वहीत टाचलेला लायसन्स

मी एक जुना स्टिकर आहे. हसू नका, मित्रांनो. दिसायला मी काडेपेटीवरच्या चित्राएवढा, पण माझ्या अंगावर पंचवीस अक्षरं आणि आकडे छापलेले आहेत. ज्या कॉम्प्युटरवर मला चिकटवलं, त्याला चालवणाऱ्या सिस्टमचा मी लायसन्स. ती सिस्टम पुन्हा घालायची झाली, की आधी माझी अक्षरं मागते. बरोबर जुळली तरच पुढे सरकते. त्यामुळे मी जरा ऐटीत असतो, हे कबूल करतो.

माझा कॉम्प्युटर आला तो एका घरात. घराच्या पुढच्या खोलीत सासूबाई कपडे शिवायच्या. त्यांची सून कॉम्प्युटरवर नक्षी आखायची आणि शेजारचं मशीन ती नक्षी धाग्यांनी कापडावर भरायचं. पहिल्याच दिवशी दुकानदाराने माझ्यावर बोट ठेवून सांगितलं, "हा स्टिकर जपा हं." दोघींनी माना डोलावल्या. पुढे सहा वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सासूबाई म्हणजे धुळीच्या हाडवैरी. त्यांनी सीपीयूच्या डब्याला खोळ शिवली. माझा एक कोपरा उचकटला होता, त्यात खोळीचे धागे अडकायचे. दुसरं कुणी मला ओरबाडून फेकलं असतं. त्यांनी माझ्यावर फडकं धरलं, कोमट इस्त्री टेकवली आणि मला अलगद सोडवलं. त्यांची एक सवय होती. ज्याचं माप घेतलं, त्याच्या पानावर त्याच्या कापडाचा तुकडा टाचायचा. डब्याच्या खोळीचं मापही वहीत होतंच. त्या पानावर त्यांनी मलाही टाचणी मारली आणि वही कपाटात गेली. सुनेला सांगायचं राहून गेलं. पुढे त्या स्वतःही विसरल्या.

मग सुनेला पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर काम मिळालं. एका शाळेचे तीनशे बिल्ले, सोमवारपर्यंत. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. तिने दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "दुसरी हलकी सिस्टम घालून देते. पण जुनीचा लायसन्स आहे ना? परत यायचं झालं तर लागेल."

"आहे ना, डब्यावर स्टिकर आहे," सून खोळ न उचलताच म्हणाली. कपाटात मी नुसता चडफडत होतो.

नक्ष्या पेनड्राइव्हवर घेतल्या, जुनी सिस्टम पुसली, नवी घातली. नवी पळायला लागली, पण तिच्यावर भरतकामाचा प्रोग्राम काही केल्या उघडेना. दुपारी बाईंनी हात टेकले. "जुनीच घालू या. वाचा स्टिकर."

सुनेने खोळ वर केली. तिथे नुसता गोंदाचा चौकोन! तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, इथला स्टिकर कुठे गेला?"

"अगं बाई! तो मीच काढला होता."

"टाकलात?"

"टाकेन कशी? मी चिंधीसुद्धा टाकत नाही."

पण ठेवला कुठे, ते आठवेना. खण झाले, डबे झाले, गुंड्यांची बरणी जमिनीवर उपडी झाली. सून रडकुंडीला आली. "शाळेला नाही म्हणून कळवते. पुन्हा कोण देणार मला काम?" सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला.

बाई खोळीची घडी घालत होत्या. "खोळ मात्र मापात बसलीय," त्या सहज म्हणाल्या.

"माप!" असं ओरडून सासूबाई कपाटाकडे अशा धावल्या, की पदर खुर्चीला अडकल्याचंही त्यांना कळलं नाही. वही उघडली आणि मला उजेड दिसला.

तरी एक घोळ होताच. टाचणी नेमकी एका अक्षरातून आरपार गेली होती. तो आठ की बी? आठ घातला, सिस्टमने नकार दिला. बी घातला. स्वीकारला! सून मटकन खुर्चीत बसली आणि एकदम हसत सुटली. माझाही जीव भांड्यात पडला.

"तुझ्या कामावर मीच पाणी फिरवलं असतं गं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि मी तरी कुठे बघितलं होतं, आई?"

संध्याकाळी पहिला बिल्ला भरून निघाला. सोमवारी तीनशेच्या तीनशे शाळेत पोचले.

मित्रांनो, सिस्टम खुशाल बदला. ती पुसली म्हणून लायसन्स बुडत नाही. पण त्याची अक्षरं आधी डोळ्यांनी बघा आणि लिहून ठेवा. आणि एखादी वस्तू जपून ठेवलीत, तर कुठे ठेवली ते घरात सांगा. सुनेने माझी अक्षरं मोठ्याने वाचली, सासूबाईंनी ती ठळक लिहिली, दोघींनी फोनवर फोटो काढले. माझी शाई आता विटत चालली आहे. पूर्वी त्या विचाराने मी घाबरायचो. आता मी निवांत पुसट होतो आहे.